डब्यातलं पाणी

बाबांचं हृदय दमलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मीठ जवळजवळ बंदच केलं. अंगात पाणी साचून त्यांना एकदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. ती पाळी पुन्हा येऊ नये, एवढंच आईच्या आणि माझ्या डोक्यात होतं.

आई दोन दिवस काळाचौकीला मावशीकडे गेली, तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे आला. रात्री कडधान्य भिजत घालायला मी विसरणार हे मला ठाऊक होतं. म्हणून लालबागच्या मॉलमध्ये जाऊन डबाबंद भाज्यांसमोर उभी राहिले. मटार, मका, काबुली चणे. एकेक डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली आणि थक्क झाले. कुठल्याशा कारखान्यात कधीतरी शिजलेल्या चण्यात प्रथिनं आणि चोथा जवळजवळ घरच्याइतकाच! ‘कमी मीठ’ लिहिलेले तीन डबे उचलले. काही जीवनसत्त्वं डब्यातल्या पाण्यात उतरतात, हेही फोनवर वाचलं.

आमच्याकडे कडधान्य शिजवलेलं पाणी ओतून देणं म्हणजे पाप. त्याचं सार होतं. मीही डब्यातल्या पाण्याला कोकम लावून, लसणीची फोडणी देऊन सार केलं. बाबा दोन्ही दिवस दोन-दोन वाट्या प्यायले. किती महिन्यांनी तोंडाला चव आली म्हणाले. मी फुशारले.

आई परतली त्या सकाळी तिने बाबांच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहिला. डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या वाढवल्या, आणि हॉस्पिटल थोडक्यात टळलं. मी मात्र डब्यावरचं ‘कमी मीठ’ आईला वाचून दाखवत होते. शिकलेल्या माणसाची खोड.

आईने उरलेला डबा फोडला, बोट बुडवून जिभेला लावलं आणि मोरीत थुंकली.

“खारातल्या गऱ्यांचं पाणी कोणी पितं काय गो?”

गावी पावसाळ्यासाठी फणसाचे गरे मिठाच्या पाण्यात ठेवतात. भाजीला काढले की पाणी बदलत भिजवतात, खारटपणा उतरेपर्यंत. तिने चण्यांचं तेच केलं. पाणी फेकलं, चणे धुतले, भिजत ठेवले, पुन्हा पाणी बदललं. दर वेळी एक चणा चावून बघायची आणि मान हलवायची. पुढे आहारतज्ज्ञ बाईंनीही हेच सांगितलं: पाणी टाका, चणे नीट धुवा, बरंच मीठ जातं. थोडी जीवनसत्त्वं जातील, जाऊ देत. घरी भिजवलेले तर सर्वांत बरे.

पण त्या दिवशी मी आईकडे बघतच राहिले होते. एकदा धुतलेला आणि तीनदा धुतलेला चणा मला सारखाच लागत होता. तिला मात्र त्यातलं कणभर मीठही कळत होतं. एवढी जीभ कुठून आणलीस, मी विचारलं.

“आठ महिने मीपण अळणीच जेवतेय,” चणे निथळत आई म्हणाली. “त्यांच्यासमोर बसून मीठ घालून घास उतरत नाही.”

ते आठ महिने मीही त्याच टोपातलं जेवत होते. कामावरून उशिरा येऊन, एकटी, वरून मीठ घेऊन.