पुढचे हात

बंदरावर यंत्राचा पट्टा आला आणि बनुबाईला सासरच्या गावी, काष्टीला परतावं लागलं.

लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर गोव्याकडच्या त्या बंदरावर गेली होती. नवरा तिथंच तापानं गेला. ती राहिली. लोखंडाच्या मातीची पाटी उजवीकडून घ्यायची, डावीकडे द्यायची. ढिगापासून धक्क्याला लागलेल्या पडावापर्यंत बायकांची रांग. मान वळवावी लागत नसे. डावीकडे साळूबाईचे हात असायचेच. मग उंच सांगाडा उभा राहिला, त्यावर रबरी पट्टा फिरू लागला आणि माती आपली आपण जहाजाच्या पोटात पडू लागली. बायका दुपारपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. रांग मोडायचं कुणाच्या मनात येईना. शेवटी साळूबाई कारवारच्या मोटारीत बसली.

काष्टीत दुष्काळ होता. दिरानं दार उघडलं, पण भाकरी वाढताना जाऊ टोपल्यात डोकावायची. बनुबाईला ते दिसायचं. तलाव खोदायच्या दुष्काळी कामावर टोळीनं घेतलं तरच मजुरी. जावेनं, गोजरबाईनं, तिला आपल्या टोळीत घेतलं.

“आक्का, मुकादम साऱ्या टोळीच्या मातीचं माप घेतो, त्यावर मजुरी, बरं का. हात चालवा.”

पहिलीच पाटी भरली. बनुबाईनं ती उचलली, डावीकडे वळली आणि सोडून दिली.

“अगं बया! पाय मोडला असता की माजा!” टोळीतली दगडाबाई किंचाळली.

“डोक्यावर घ्या पाटी, आक्का! कुनाला देताय?” गोजरबाई ओरडली.

“साळूला,” बनुबाई बोलून गेली.

“मग बोलवा की तिला! तिचीबी हजेरी लावू!” बायका पोट धरून हसल्या.

दुपारी पुन्हा तसंच झालं. या वेळी कुणी हसलं नाही.

“गोजरे, जाऊ तुजी हाय, पर माप आमचं कमी भरतंय,” दगडाबाई म्हणाली.

गोजरबाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

मुकादमानं बनुबाईला बाभळीखाली रांजणापाशी बसवलं. पाणी पाजायचं काम, म्हाताऱ्या बायांचं. ओंजळी पुढं यायच्या, ती ओतायची. ओंजळी तोंड पुसून निघून जायच्या. गोजरबाईही आली, प्याली, “येते” म्हणाली आणि टोळीत गेली.

उन्हं कलली. बनुबाईनं तांब्या भरला, नकळत डावीकडे धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग पाणी सांडू न देता रांजणात परत ओतलं.