जीपचा पत्रा कोण खातं?

खंडेराव सख्ख्या बापावरही विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. हरसूल ते नाशिक त्याची जुनी जीप प्रवासी वाहते आणि मी रोज तिच्यातूनच नोकरीला जातो, म्हणून खात्रीने सांगतो. पंपावर डिझेल भरताना हा टाकीत डोकं घालणार. पंक्चरवाल्याकडे टायर उतरवला की त्यावर खडूने खूण करणार. असल्या माणसाची मला चीड येते, पण वेळेवर पोचवणारा दुसरा कोणी नाही.

आमच्याकडच्या पावसात गंज कुणाला चुकलेला नाही. पण या जीपचं काहीतरी विचित्रच होतं. बाकी सगळीकडे जेमतेम गंज आणि ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र पत्र्याची पार चाळणी. ललित वेल्डरने वरून नवा पत्रा जोडला, तोही सडला. पुन्हा जोडला, पुन्हा तेच. तेव्हा खंडेरावने निकाल देऊन टाकला. गिऱ्हाईक फिरून दारात यावं म्हणून ललित पत्र्यावर ॲसिड टाकतो!

हे मनात ठेवलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्याने ते स्टँडवर सांगितलं. स्टँडवर सांगितलेलं घरोघरी पोचतं. बघता बघता ललितच्या दारातल्या गाड्या आटल्या आणि तो दुकान बंद करून सिन्नरच्या कारखान्यात जायचं म्हणू लागला.

शेवटी तोच खंडेरावला म्हणाला, "समद्यांदेखत पत्रा फाडू. ॲसिड निघालं तर दुकानाला कुलूप लावतो."

बाजारचा दिवस होता. खंडेरावची बायको कुसाबाई भाजीची पिशवी घेऊन जीपमध्येच बसली होती, तिलाही उतरावं लागलं. ललितने सीट काढली, पत्रा कापला. खालच्या पोकळीत फडक्याच्या पुरचुंड्या एकावर एक कोंबलेल्या होत्या. त्यांतून तांबडं पाणी गळत होतं. खंडेरावने एक फोडली. आत मीठ आणि मोहरी.

"बघा! ॲसिड नाय तर मीठ! हरामखोरा, माझ्याच गाडीत?"

ललितचा चेहरा पांढरा पडला. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर त्याचाच संशय आला.

"त्याला नका बोलू," कुसाबाई म्हणाली. "ते म्या ठेवलंय. दर आवसेला गाडीची दिष्ट काढते आन बाजूच्या फटीतून आत सारते."

"आगं, पण कशाला?"

"तुम्हीच सांगता ना, समदे टपून बसल्यात, समद्यांचा डोळा आपल्या गाडीवर हाय. तुम्ही घाटात असले की मला लय भ्या वाटतं."

खंडेरावची बरी जिरली, असं मला वाटलं. पण कुसाबाईच्या डोळ्यांत पाणी बघून तेही वाटेनासं झालं.

ललितने हातातलं कटर खाली ठेवलं. "आता हे स्टँडवर सांगा, दादा."

खंडेराव तडक गेला. भर स्टँडवर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर मोठ्याने म्हणाला, "ललितचा हात साफ हाय. चूक आमच्या घरातली होती." मीठ, मोहरी, बायको, काहीएक लपवलं नाही. माफीसुद्धा मागितली. या माणसाबद्दल मला पहिल्यांदाच आदर वाटला.

सगळ्यांनी तंबाखू चघळत ऐकून घेतलं. मग एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने खंडेरावच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं,

"ते समदं ठीक हाय. पण खरं सांग, ललितनं तुला काय चारलं?"