इयत्ता सहावीचे अकरा व्हिडिओ

नमस्कार. बरेच दिवस इथले अनुभव नुसते वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. भाषा कुठे चुकली तर सांभाळून घ्या.

आधी एक सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी बी.एस्सी. केलेला मुलगा आहे. बडोद्यात छाणीला आमच्या गल्लीत कुणाला काही 'बाहेरचं' झालं म्हणाले, की मी विचारायचो, डॉक्टरला दाखवलं का? आई चिडायची. इथले अनुभव वाचतानाही माझ्या डोक्यात एकच चालायचं... यात खोटं कोण बोलतंय? आजही तेच शोधतोय. या वेळी ते माणूस सापडत नाहीये, म्हणून लिहितोय.

पप्पा खानदेशातून बडोद्याला आले ते प्लांटमध्ये फिटर म्हणून. कॉलेजात गेलेला आमच्या घरातला मी पहिला. सध्या बी.एड. करतोय. त्यात काही आठवडे खऱ्या शाळेत शिकवावं लागतं, इंटर्नशिप. शेवटी तिथल्या मार्गदर्शक शिक्षिकेची सही घेऊन फॉर्म कॉलेजात द्यायचा. सही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे वर्ष गेलं. आणि पप्पांनी तर अख्ख्या शिफ्टला सांगून ठेवलंय, "छोकरा मास्तर होतोय."

मला बडोद्याच्याच वाडी भागातली एक मराठी शाळा मिळाली. नाव देत नाही. मुलं कमी झालीत, सहावीत अकराच. माझ्या मार्गदर्शक होत्या दिघे बाई. वय पन्नाशीच्या पुढे, राहायला दांडिया बाजारात, घराणं जुनं. वर्गात मुलांसमोर मला "सर" म्हणायच्या आणि स्टाफरूममध्ये "ए प्रवीण, खडूचा हात पॅन्टला पुसू नकोस." कडक, पण मनाने चांगल्या. त्यांची मला भीती वाटायची.

माझा शेवटचा पाठ होता आत्मकथन. 'मी छत्री बोलतेय' वगैरे आपण सगळ्यांनी लिहिलंय. मी ठरवलं, निबंध नको, व्हिडिओ करू. प्रत्येकाने घरातली एक वस्तू निवडायची, घरच्यांचा फोन घेऊन तिचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायचा, स्वतःचा चेहरा न दाखवता तिच्या आवाजात बोलायचं. विषय – एका दुपारी मी काय पाहिलं. वस्तू कुठली ते मित्रांना सांगायचं नाही. व्हिडिओ फक्त माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा, ग्रुपवर टाकायचा नाही. मी सगळे जोडून एक फिल्म करणार होतो.

दिघे बाई म्हणाल्या, "मुलं फोनमध्ये आधीच कमी असतात का, की शाळेनेही द्यावा?"

मी म्हटलं, "बाई, बघतात रोजच. एकदा बनवू देत."

"बनवा. नाव माझं खराब होईल एवढंच."

आता माझी चूक सांगतो. पाठ टाचणात मी लिहिलं होतं की व्हिडिओ हजेरीपटाच्या क्रमाने जोडणार. पण आमच्या मुलांच्या घरी फोन एकच, तो पप्पांचा. पप्पांची शिफ्ट सुटली की व्हिडिओ येणार. कुणाचा दुपारी, कुणाचा दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटचा व्हिडिओ पाठाच्या दिवशी शाळेत निघता निघता आला. मी रिक्षात बसून सगळे घाईने एडिटिंगच्या ॲपमध्ये टाकले आणि ते ज्या क्रमाने आले होते त्याच क्रमाने जोडले गेले. वाटलं, काय फरक पडतो, अकरा वेगळ्या वस्तू तर आहेत.

वर्गात प्रोजेक्टर लावला. मागच्या बाकावर दिघे बाई वही घेऊन बसल्या. फिल्म सुरू झाली. मी जसंच्या तसं लिहितो.

मी घड्याळ. दुपारचा दीड वाजलाय. घरात दोघीच आहेत.

मी उशी. माझ्यावरचं डोकं तव्यासारखं तापलंय.

मी थर्मास. मला भरून ठेवलंय, पण माझं झाकण लहान हातांना उघडत नाही.

मी आरसा. ती माझ्यात बघून पावडर लावते आणि हळूच भाषण म्हणते. एका जागी अडकते, परत पहिल्यापासून म्हणते.

आम्ही चपला. तिने आम्हाला हातात घेतलं. बाहेर गेल्यावर पायात घातलं.

मी कुलूप. मला बाहेरून लावलं. आत कुणीतरी आहे.

मी खिडकी. कुणीतरी मला आतून वाजवतंय.

मी स्टूल. माझा एक पाय छोटा आहे. ती चढते तर मी हलतो.

मी कप. शाळेत सगळे टाळ्या वाजवतायत.

मी किल्ली. मी तिच्या मुठीत आहे. मूठ घामाने ओली झालीय.

मी देवघरातली घंटी. मी किती वाजले, ती वळून बघतच नाही.

मुलं आधी हसत होती, 'कोणाचा आवाज, कोणाचा आवाज' चाललं होतं. कुलपापाशी गप्प झाली. संपल्यावर ओम नावाचा मुलगा म्हणाला, "सर, आ तो एकच स्टोरी आहे."

मलाही तेव्हाच कळलं. मी मागे बघितलं. दिघे बाईंची वही खाली पडली होती आणि त्या ती उचलत नव्हत्या.

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये त्यांनी दार लोटून घेतलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय बाई?"

"प्रवीण, मी मूर्ख नाहीये. रावजीने? की माझ्या घरी जाऊन आलास?" रावजीकाका म्हणजे शाळेचे जुने शिपाई.

मला खरंच काही समजेना. मी म्हटलं, व्हिडिओ मुलांचे आहेत, मी फक्त जोडले. त्या म्हणाल्या, "नाव सांग. तोपर्यंत फॉर्म माझ्याकडे राहील."

घरी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून मीच पोलीस झालो. एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारलं. कोणी शिकवलं? आधी बोलून ठरवलंत का? चपला कोणी सुचवल्या?

ओम म्हणाला, "मम्मी झोपली की मी तसाच जातो सर. चपला हातात घेऊन. तिला नका सांगू."

थर्मासवाली म्हणाली, तिच्या भावाला झाकण उघडता येत नाही. कुलूपवाल्याच्या पप्पांचं दुकान आहे, ते रोज कुलूप लावतात. प्रत्येकाचं कारण त्याच्याच घरातलं, आणि साधं. खोटं बोलणारं मूल मला कळतं, मीही तसाच होतो. यातलं कोणी खोटं बोलत नव्हतं. मग मला रावजीकाकांचा संशय आला. त्यांना दिघे बाईंबद्दल विचारलं तर म्हणाले, "बेन चोवीस वर्षांत माझ्याशी खडू, डस्टर आणि घंटा सोडून कशावर बोलल्या नाहीत." मग तर मला दिघे बाईंचाच संशय आला, की सही न द्यायला निमित्त काढतायत.

चार दिवसांनी त्यांनी स्वतःच बोलावलं. डबा उघडा होता, जेवलेल्या नव्हत्या.

"नंदा माझी धाकटी बहीण," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांची होती. मी नववीत. तिला ताप होता, आई नोकरीवर. मला सांगून गेली होती, हिच्यापाशी बस. त्या दिवशी माझी वक्तृत्व स्पर्धा होती. नंदा झोपली, मी बाहेरून कुलूप लावलं आणि गेले. तीन तासांनी कप घेऊन आले तेव्हा ती अंथरुणातच होती. कुणाला कळलं नाही. संध्याकाळी ताप डोक्यात गेला. हॉस्पिटलमधून आली ती ऐकू येणं बंद होऊनच. घरी सगळे म्हणतात, तापाने कान गेले. मीही तेच म्हणते."

डब्याचं झाकण लावून त्यांनी विचारलं, "त्या फिल्मवर अक्षरं टाकता येतील? खाली, वाचता येतील अशी. तिला पाठवायची आहे."

नंदाताई पुण्याला असतात. दोघी बहिणी रोज व्हिडिओ कॉलवर बोलतात, हातांनी आणि ओठांनी. पण हे कधी बोलल्या नव्हत्या. मी तिथेच बसून प्रत्येक वाक्य टाइप केलं. दिघे बाईंनी फिल्म पाठवली, खाली लिहिलं, 'ती मी होते.'

उत्तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आलं. बाईंनी फोन माझ्या हातात दिला. मला आठवतंय तसं लिहितो.

'ताई, मला माहीत होतं. दार ओढून बघितलं होतं मी. सांगितलं नाही, कारण तुला कप मिळाला होता आणि तू रडत होतीस. आरसा आणि चपला मला माहीत नव्हतं, मी झोपले होते. घरातलं बाकी सगळं बरोबर आहे. फक्त स्टूल आधी पाहिजे. मी आधी स्टूल ओढून चढले, मग खिडकी वाजवली. कोणी बनवलंय हे?'

मी दोनदा वाचलं. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"खिडकी आणि स्टूल मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "आजपर्यंत मला वाटत होतं, ती झोपून होती."

म्हणजे बघा... आरशासमोर दिघे बाई एकट्या होत्या. स्टूलवर नंदाताई एकट्या. संपूर्ण गोष्ट दोघींपैकी एकीलाही माहीत नव्हती. मग मुलांना सांगणार कोण?

स्टूलचा व्हिडिओ जान्हवीचा होता. मी तिच्या पप्पांना फोन केला, नुसतं विचारावं म्हणून, तुम्ही तो पाठवला कधी. ते म्हणाले, "सर, मी तर ड्युटीला निघतानाच सेंड दाबलेलं. नेट हळू होतं, आणि गेटवर आमचे मोबाइल बंद करून जमा करतात. सुटल्यावर चालू केला तेव्हा गेला असेल." त्या मधल्या वेळात फक्त खिडकीचा व्हिडिओ आला होता. म्हणजे पाठवायचं बटण स्टूलवाल्यांनी आधी दाबलं होतं. नंदाताई म्हणाल्या त्याच क्रमाने.

हे बाईंना सांगावं की नको, कळेना. सांगितलं. त्यांनी माझा फॉर्म ड्रॉवरमधून काढला आणि टेबलावर ठेवला.

"तू नंदाला ओळखतोस."

"नाही बाई."

"फेसबुकवर, कुठेही. तिने तुला तिचं सांगितलं, आणि आरशाचं तू मनाने घातलंस. असं असेल तर मला राग नाही. तू म्हण 'हो', मी सही करते."

फॉर्मवर पेन होतं. खरं सांगतो, 'हो' ओठांवर आलं होतं. कुणाचं नुकसान होणार होतं? सही मिळाली असती, बाईंना झोप लागली असती. पण नंदाताईंचं नाव मध्ये येत होतं. एवढ्या वर्षांनी दोघी बहिणी त्यावर बोलल्या होत्या, आणि माझ्या एका 'हो'ने 'कोणी बनवलंय हे' विचारणाऱ्या नंदाताई खोट्या पडल्या असत्या.

मी म्हटलं, "बाई, मी त्यांना ओळखत नाही. मला काहीच माहीत नाही. सही नसेल द्यायची तर नका देऊ."

त्यांनी माझा फोन मागितला, मी दिला. त्यांनी सगळं तपासलं... कॉल, मेसेज, अगदी डिलीट केलेले फोटोसुद्धा. मी समोर उभा होतो. मग त्यांनी फोन परत दिला, सही केली आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. कॉलेजात मॅडमनी विचारलं, शेरा का नाही? मी म्हटलं, राहिला असेल.

परीक्षा झाली. निकाल यायचाय. मी त्या फिल्मवर खूप डोकं चालवलं. विषय 'दुपार' दिला म्हणून सगळ्यांची दुपार आली, हे समजतं. मुलांच्या घरी कुलूप, उशी, थर्मास असणारच. अकरा वाक्यं कशीही लावली तरी आपण त्यातून गोष्ट काढतो, हेही समजतं. मी तेच व्हिडिओ हजेरीपटाच्या क्रमाने लावून बघितले, तर काहीच अर्थ लागत नाही. उलटे लावले, तरी नाही. स्टूलपर्यंत आलो की माझं सगळं विज्ञान थांबतं.

परवा दिघे बाईंचा मेसेज आला. सुट्टीत पुण्याला जाऊन आल्या म्हणे, पहिल्यांदाच आठ दिवस राहिल्या. त्याखाली लिहिलं होतं, 'प्रवीण, तू कुणाचं तरी नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं. रागवायला कुणीतरी मिळालं असतं.'

मी तीनदा उत्तर टाइप केलं, तीनदा पुसलं. कारण मलाही तेच हवंय. कुणीतरी समोर येऊन म्हणावं, मी केलं, मी सांगितलं मुलांना. मी त्याला एक शब्द बोलणार नाही.

अजून कोणी आलेलं नाही.