नाहाची चाल, शुरीची चाल

हिवरखेडचा देवमन मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत कामाला होता. १९६१ साली ती बोट दुरुस्तीसाठी जपानच्या कोबे बंदरात दोन महिने अडकली. एका संध्याकाळी गल्लीतल्या कराटेच्या आखाड्याच्या उघड्या दारातून त्याला दिसलं : साठीचा एक म्हातारा उघड्या अंगानं, पावलं जराशी आत वळवून उभा आहे आणि त्याची ताकद अजमावायला दोन गडी त्याच्या खांद्यांवर, मांड्यांवर दणादण हात हाणताहेत. म्हातारा नुसता श्वास घेत होता, घशातून घरघर काढत. तसूभर हलला नाही. देवमनचे पाय दारातच खिळले.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज जाऊ लागला. महिनाभर म्हाताऱ्यानं त्याला एवढंच शिकवलं : तीन पावलं पुढं, वळायचं, परत.

मग एक पाहुणा शिकवायला आला. त्याची पावलं लांब, झेप अशी की डोळ्याला दिसेना. देवमन चक्रावला. मोडक्या इंग्रजीत त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, "यातलं खरं कराटे कोणतं?"

"दोन्ही," म्हातारा तशाच इंग्रजीत म्हणाला. "मी ओकिनावा बेटाचा. आमच्या नाहा बंदराचं चीनशी येणंजाणं. तिथून श्वास आला, जवळून लढणं आलं. शुरी राजाचं गाव, तिथं वेग वाढला; हा पाहुणा त्या चालीचा. शैलींना नावं तर माझ्या डोळ्यांदेखत पडली."

"आणि चीनमध्ये कुठून आलं?"

"एका भिक्खूनं नेलं म्हणतात. तुझ्या देशातून. खरंखोटं कोण जाणे." एवढं बोलून म्हातारा त्याच्यापुढं कमरेतून वाकला.

पाच वर्षांपूर्वीच देवमननं आईबरोबर नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती. तोही वाकला आणि बराच वेळ वर झाला नाही.

चौसष्ट साली त्यानं बोट सोडली आणि तो अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये लागला. आई जाईबाईनं विचारलं, "काय शिकून आला रे तिकून?"

"उभं राहाले शिकलो, माय."

"त्याच्यासाठी जपानाले जा लागते काय?"

विहाराच्या अंगणात तो रोज सकाळी तीच तीन पावलं टाकायचा. आधी लोक हसले. मग जिनिंगमधला हमाल भगवंत शेजारी येऊन उभा राहिला. "विटा कई फोडाच्या?"

"पयले श्वास घे."

एकोणसत्तरपर्यंत अकरा जण झाले. कोणी शुरीची झेप शिकवा म्हटलं, की देवमन हात जोडायचा. "ते मले येत नाई, बावा. म्या फक्त पायलं."