वाफसा सांगणारा पाय

बापूकाका हैद्राबादहून उपचार घेऊन परतले तेव्हा आम्ही नवराबायको नांदेडहून चाकूरजवळच्या गावी त्यांना भेटायला गेलो. मी सवयीने वाकलो आणि सरळ त्यांचे दोन्ही पाय धरले. उजवा पाय सुजून लालबुंद झाला होता, त्यावर फोड होते. धोतराखाली मला ते दिसलंच नाही. काकांनी बाजेची कड घट्ट धरली. बऱ्याच वेळाने श्वास सोडून म्हणाले, "औक्षवंत हो. फकस्त पुढच्या बारीला लांबून, सुध्या." पन्नाशी गाठलेल्या कारकुनाला एवढीही अक्कल नसावी, हे बायकोने मला नुसतं बघून सांगितलं.

त्या पायाला गावात किंमत होती. पाऊस उघडला की काका अनवाणी रानात जात, उजवी टाच मातीत रोवून डोळे मिटत आणि रान पेरणीजोगं सुकलं का, म्हणजे वाफसा आला का, ते सांगत. त्यांनी "हाव" म्हटल्याशिवाय शेजारच्या रानातले गफूरभाई पेरणीचा ट्रॅक्टर सांगत नसत. डाव्या पायाने का बघत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "डावा निस्ता सोबतीला हाय," काका म्हणाले.

नेमका त्याच टाचेवर काळा डाग आला. काटा मोडलाय म्हणून घरचे वर्षभर सुईने टोकरत राहिले. तो कातडीचा कॅन्सर निघाला. डाग काढला, तर नडगीवर काळ्या गाठी उठल्या. पाय वाचवायचा तर मांडीपाशी रक्त अडवून कडक औषध एकट्या त्या पायातच फिरवायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. आम्हाला ते काकांनी समजावलं. "बाकीची दारं बंद केली अन् येकाच वाफ्याला पाणी सोडलं. पर पाणी लई जालीम व्हतं."

गाठी विरल्या, पाय राहिला. पुढे कातडी कांद्याच्या सालीसारखी निघाली, घोटा आखडला, त्या पायावरचे केस गेले. "येक पाय माझा, येक कोन्या लेकराचा," काका म्हणत. आग मात्र काही महिने गेली नाही. चादर लागली तरी ते कळवळत. मग आग हळूहळू थांबली आणि आम्ही सुटलो असं वाटलं. महालक्ष्म्यांच्या सणाला मी अगदी जपून पाया पडलो, तर काका दारातल्या कुत्र्याला हाकलत राहिले. त्यांना कळलंच नव्हतं. आगीबरोबर पायाची जाणीवही गेली होती. आता काटा घुसला, काच लागली तरी समजणार नाही, अनवाणी फिरायचं नाही, अशी डॉक्टरांनी ताकीद दिली. त्यांचा मुलगा दिलीप सकाळी उठल्या उठल्या त्यांच्या पायात बूट चढवू लागला.

दिवाळीच्या तोंडावर हरभऱ्याची पेरणी आली. आम्ही गेलो होतो. काका काठी टेकत मला रानात घेऊन गेले.

"सुध्या, काढ तुझे बूट. टाच रोव. काय म्हणून राहिलं रान?"

"गार आहे."

"गार तर असंलच. चिकटतंय का सुटतंय?"

"चिकटतंय, वाटतं."

"वाटतं नगं सांगू."

मी पुन्हा रोवली. टाच होती माझी, पण तिला जन्मात कुणी काही विचारलं नव्हतं. बांधावरून गफूरभाईंनी हाक दिली, "काका, सांगू का ट्रॅक्टर?"

काका माझ्या चिखलाने भरलेल्या टाचेकडे बघत राहिले. "मला नगा इचारू आता, भाई. तुमचं तुम्ही बघा."

गफूरभाई "हाव" म्हणाले, पण ट्रॅक्टर सांगायला काही गेले नाहीत. तिथेच बांधावर बसून राहिले.

निघताना काका बूट काढून बाजेवर बसले होते आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होते. मी वाकलो. उजव्या पायाला बोटं लागतात न लागतात तोच त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. "औक्षवंत हो."

मी इतका हलका झालो की बस चाकूर सोडायच्या आत दिलीपला फोन लावला. पायाला जाणीव आलीय, उद्या काकांना बूट काढून रानात जाऊ दे, एवढंच सांगायचं होतं. रिंग वाजत असतानाच बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

तो तिने आपल्या पिशवीत टाकला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "महालक्ष्म्यांच्या सणाला तुमचा चेहरा बघवला नव्हता मला. आज मागून मीच खुणावलं काकांना."