गळ्यातली थोरली

मालकांची पयली बायकू माझ्या गळ्यात हुती. ज्यांना ही रीत ठावी न्हाई त्यांना आदी सांगायला पायजे. आमच्याकडं बिजवराला पोरगी दिली की तिच्या गळ्यात मेल्याल्या सवतीचा टाक घालत्यात. बोटाच्या पेरायेवडा चांदीचा पत्रा, त्यावर बाईमानसाचं रूप ठोकल्यालं. लग्नात मंगळसूत्र बांदायच्या आदी काळ्या दोऱ्यातला त्यो टाक माझ्या गळ्यात आला. तवा मला नीट लुगडंसुदिक नेसता येत नव्हतं.

तिचं समदं आदी, माझं मागनं. नवं लुगडं आलं की घडी टाकाला लावायची, कुकू वाहायचं, मग आपुन नेसायचं. सनाला पयला घास तिचा. दोरा झिजला तर नवा दोरा गळ्यात घालून मगच जुना तोडायचा, तिला मोकळं सोडायचं न्हाई. घरात समदी तिला थोरली म्हनायची. तापानं गेली हुती. मी तिला कवा बगितली न्हाई. पन चुलीपुढं बसलं की टाक तापायचा, आन आंगूळ केली की गार पडायचा, त्यामुळं ती हाय हे इसरायला व्हायचं न्हाई.

तिची एक पोरगी हुती. आय गेली तवा पाळन्यात हुती, मी आले तवा चालत हुती. मला आक्का म्हनायची. आन टाकाला आय म्हनायची. झोपताना कुशीत शिरायची आन मुठीत टाक धरायची. दोरा मानंला काचायचा, पन मी मूठ सोडवायची न्हाई.

मालक लढाईत हुते, आफ्रिकेत, मोटारीवर. लढाई संपली, सुटून घरी आले, आन परत तिकडंच गेले. नैरोबी म्हनून गाव हाय, तिथं मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात जागा मिळाली. साल-दीड साल एकटं काढलं आन मग सा-सात म्हयन्यांची रजा काडून आमाला न्ह्यायला आले. आमचं गाव ताकारी टेसनाच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. माझं म्हायेर जतकडं, निम्मं कानडी. मी तवर मिरजंच्या पलीकडं आगीनगाडीतनं गेले नव्हते.

बांदाबांद सुरू झाली. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, एकेक करून समदं घर आनून पुढ्यात ठिवायला लागल्या. चटनी, सांडगं, शेंगा, हुलगं. मग पाटा-वरवंटा आनला.

मालक म्हनले, "आवं आई, तिथं दगड न्हाईत व्हय?"

"असतील. पन आमच्या हाताचं न्हाईत."

"बोट बुडंल त्या वजनानं."

"तू येवढा लढाईतनं आलास, तवा न्हाई बुडली. आता वरवंट्यानं बुडती व्हय?"

मी हसले. त्या घरात हसल्याचं आठवतंय ते येवडंच. पाटा ऱ्हायला, वरवंटा न्हेला.

कागदासाठी फोटू लागत हुता म्हनून सांगलीला गेलो. फोटूवाला म्हनला, "वयनी, ते गळ्यातलं पदराखाली घ्या, चमाकतंय." मी म्हनलं, झाकता येत न्हाई. त्यानं तसाच काढला. फोटू आला तर मालक नीट आले, पोरगी नीट आली, मी बी आले. थोरलीच्या जागी नुसता पांढरा ठिपका. आत्याबाईंनी फोटू हातात घेतला आन लगीच पालथा घातला. मला तवा पाचवा म्हयना चालू हुता. त्या म्हनल्या, "जपून ऱ्हा. तिला आडचन हुईल आसं काय करू नगंस."

निघायला चार-सा दिस ऱ्हायलं आसतील, तवा थोरलीची आय आली. मान तालुक्यातनं, दहिवडीच्या बाजूनं. रांडाव बाई, लेक येकच हुती, ती बी गेल्याली. मेंढरं राखून खायाची. खांद्यावर घोंगडं टाकून आली आन उंबऱ्याभायेरच बसली. मला ती लेकीच्या जागी मानायची, मी तिला आई म्हनायची, तशीच रीत हाय.

आत्याबाई म्हनल्या, "आवं, येवढ्या लांबनं आलासा, हातपाय तरी धुवा."

"धुईन. आदी इचारते ते सांगा. माझी लेक कुठं चालली?"

मालक म्हनले, "मामी, पोरगीला तिथं शाळा हाय. बरं हुईल तिचं."

"मी नातीचं न्हाई इचारलं. मी लेकीचं इचारते." तिनं माझ्या गळ्याकडं बोट केलं. "ही बी चालली, ती बी चालली. समिंदराच्या पल्याड. मी सनासुदीला हितं येत हुते, दोघींची त्वांडं बगून जात हुते. आता घरात जाऊन मेंढराची त्वांडं बगू?"

"मग काय म्हननं हाय तुमचं?" आत्याबाईंनी इचारलं.

"दोनीपैकी येक द्या. लेक द्या न्हाईतर नात द्या. दोनी न्हेऊ नगासा."

घोंगडं तिनं पोरगीसाठी आनलं हुतं. तिनं पोरगीला जवळ घेतलं आन म्हनली, "येतीस का माज्यासंगं? कोकरं हाईत धाकली. दूद पाजायचं बाटलीनं."

पोरगी म्हनली, "आक्का येनार हाय का?"

"न्हाई. ती लांब जानार हाय."

"मग आय कुनाकडं?"

मी आत गेले. चुलीवर कायबी नव्हतं, तरी फुकनी घिऊन बसले.

आत्याबाई मागनं आल्या. "ऐक माझं," त्या म्हनल्या. "पोरगी द्यावी. आजीच हाय ती, वैरीन न्हवं. टाक गळ्यातनं काडायचा न्हाई. तू पोटुशी बाई. ती मोकळी झाली तर आदी कुनाकडं बगंल, सांग."

त्यांचं काय चुकीचं नव्हतं. आमच्याच भावकीत एकीनं टाक काडून कोनाड्यात ठिवला हुता आन तिला पुढं मूल ऱ्हायलं न्हाई, हे समद्या गावाला ठावं हुतं. मालक दारात आले. "चांदीचा तुकडा हाय त्यो," म्हनले, "येवडं काय त्यात. पोरगी मी मागं ठिवनार न्हाई." पन टाक काडा आसं काय त्यांच्या तोंडातनं आलं न्हाई. माझ्याकडं बगून गोठ्याकडं गेले. म्हंजी काय ते मीच करायचं हुतं.

मला शिक्षान न्हाई, मी लय इच्यार केला आसं म्हनत न्हाई. मला येवडंच कळत हुतं, जित्तं मानूस मागं ठिवून मेल्यालं संगं न्ह्यायला मला जमनार न्हाई. पोरगी रातीला कुठं झोपनार, कुनाच्या कुशीत? आन भ्या वाटत न्हाई आसं नव्हतं. पोटातलं हालत हुतं तवा.

भायेर आले आन म्हातारीच्या पुढ्यात बसले. म्हनलं, "आई, घ्या तुमची लेक."

म्हातारीनं घोंगड्याची दशी तोडली, लोकरीची, आन माझ्याकडं दिली. नवा दोरा आदी घालायचा, न्हवं का? पन कुनाच्या गळ्यात? देवाऱ्यात ठिवलं तर ती मोकळी झाली. माझ्या गळ्यात तर ठिवायचीच न्हाई. म्हातारी म्हनली, "माझ्या गळ्यात बांद."

आत्याबाई म्हनल्या, "आवं, आयनं लेकीचा टाक घालायची कुठली रीत?"

"न्हाई रीत. आता झाली."

मी तिच्या गळ्यात दशी टाकली, गाठ मोकळी ठिवली. मग माझ्या दोऱ्याची गाठ सोडवायला गेले तर सुटंना. घामानं, पान्यानं नुसता खडा झाला हुता. आत्याबाईंना इळी मागितली. त्या म्हनल्या, "ह्या घरातलं पातं मी ह्याला द्यायची न्हाई." तवा म्हातारी माझ्या मागं आली आन दातानं गाठ तोडाय लागली. दात तरी किती ऱ्हायलं हुतं तिला. तिचा ऊन ऊन श्वास माझ्या मानंवर येत हुता, आन ती रडत हुती का दम लागला हुता, मला कळत नव्हतं. पोरगी पुढं हुबी ऱ्हाऊन बगत हुती. दोरा तुटला. टाक माझ्या चोळीत पडला, गार पडला हुता तेवड्यात. मी काडून दिला. म्हातारीनं दशीत ववला, गाठ मारली आन मग म्हनली, "आता पानी द्या हातपाय धुवाया."

ताकारी टेसनावर ती आली हुती. गाडी हालली तवा तिनं हात वर केला न्हाई, दोनी हात गळ्यावर धरलं हुतं. पोरगी माझ्या मांडीवर घोंगडं घिऊन बसल्याली. जरा येळानं मला म्हनली, "आय आमाला सोडाया आल्ती व्हय?" मी म्हनलं, व्हय.

मुंबैतनं बोटीत बसलो. समदी बोट वकत हुती, मला काय झालं न्हाई. पन मान हालकी लागायची, आन कोन तरी हाक मारतंय आसं वाटून मी माघारी बगायची. मागं नुसतं पानी.

नैरोबीत कारखान्याच्या लायनीत पत्र्याची खोली मिळाली. मालकांनी नवं लुगडं आनलं. टाक न्हाई, मग घडी कुनाला लावू? लय येळ हातात घिऊन हुबी ऱ्हायले. शेवटी देवापुढं ठिवली, कुकू वाहिलं आन नळावर गेले. माघारी आले तर वरची घडी उलगडून खाली आल्याली. वारं आसंल. खिडकी लावल्याली हुती, पन आसंल कुठनं तरी. मी नेसले.

पुढं पोरगा झाला. बारशाच्या आदीच त्याला ताप आला आन त्यो त्यात गेला. मालक आन शेजारचा कोकनातला मानूस त्याला घिऊन गेले, पुरून आले. मालक हात न धुता दारातच बसले. टाकाला चांदीचा तुकडा म्हननारा मानूस, त्यो मला म्हनला, "मामींना लिवतो. टाक धाडा म्हनून."

"काय लिवनार?"

"झालं ते लिवनार."

"आन त्यांनी पोरगी माघारी मागितली तर?"

त्यांनी मातीचं हात गुडघ्याला पुसलं. मी म्हनलं, "लिवू नगासा. म्हातारीनं दातानं तोडून न्हेल्यालं हाय ते. तिच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

पोरगा थोरलीनं न्हेला का तापानं, मला ठावं न्हाई. गावाकडच्यांनी मागनं लय सांगितलं. तिनं न्हेला आसंल तर तिच्या लेकीपासनं तिला तोडली म्हनून न्हेला आसंल, आन मग मी तिला काय बोलू? न्हेला नसंल तर बिचारीला उगाच बोल लागतोय. मी कवा कुना जानत्या देवरुश्याला इचारलं न्हाई.

पोराला पुरलं त्या दिसाला पोरगीकडं सकाळधरनं कुनाचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यात बसून हुती, केस तसंच, त्वांड धुतल्यालं न्हाई. मी उठले. बाळतीन बाईनं उठायचं नसतंय, पन उठले. तिला पुढ्यात घेतली आन फनी घेतली. केस लय गुतलं हुतं, लय येळ लागला.