शेजारच्या टीचर आणि बिटकी

शिरोड्यात आजवर जेवढी मांजरं धडधाकट वाढली, ती सगळी आमच्या शेजारच्या टीचरांच्या परवानगीने वाढली, असं मी छातीठोकपणे सांगू शकते. टीचर म्हणजे हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सत्तरी ओलांडलेली, अंगकाठी बारीक, फुलाफुलांचा झगा, आणि चष्मा नाकावर कमी आणि कपाळावर जास्त. नवरा बोटीवर नोकरीला होता, तो वारून बरीच वर्षं झालेली, मुलगी मडगावला. गावात कुणाकडे मांजराचं पिल्लू आलं की संध्याकाळपर्यंत टीचर तिथे हजर. त्यांना बोलवावं लागत नसे. पिल्लू कुठे ठेवलंय, काय खायला घातलंय, भांडं कसलं आहे, सगळं तपासून त्या पास-नापास सांगत. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरात एकही मांजर नव्हतं. याचं मला पहिल्यांदा हसू आलं होतं, हे कबूल करते.

मी साताऱ्याकडची. कृषी खात्यात नोकरी, बदली होऊन शिरोड्याला आले आणि टीचरांच्या कुंपणाला लागून असलेलं घर भाड्याने घेतलं. घरात माझ्याआधीपासून उंदीर राहत होते. त्यांनी एका रात्रीत माझी नवी चप्पल आणि काजूच्या कलमांची एक फाइल कुरतडली, तेव्हा ऑफिसमधल्या एकाने त्याच्या गावाहून, आंब्याच्या पेटीत गवत घालून, मुठीएवढं तांबूस पिल्लू आणून दिलं. कोकणात छोट्या रायवळ आंब्याला बिटकी म्हणतात, तेच नाव मी ठेवलं. पेटी घरात ठेवून मी वळले, तर दारात टीचर उभ्या.

"दूध दितंस?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या कौतुकाने वाटी दाखवली. "दूध गायच्या वासराक. ह्येका पेडवे उकडून घाल, मीठ नको, काटे काढून. आणि बघत रवू नको गो त्येच्याकडे! तू तेका बघू नको, तां तुका बघांदेत." मालवणी मला तेव्हा अर्धीच कळायची, पेडवे म्हणजे बारीक मासे हेही माहीत नव्हतं, पण आवाज गणिताच्या बाईंचा असल्यामुळे अर्थ लगेच पोचला. पंधरा दिवस एकच खोली, खोलीत रेतीचं घमेलं, आणि घमेलं जेवणाच्या ताटलीपासून लांब. "तू संडासात बसान जेवतंस?" असं त्यांनी माझ्या घरमालकांसमोर विचारलं होतं.

टीचर माणसांशी मालवणीत बोलत, कुत्र्यांना इंग्रजीत हाकलत, पण मांजराशी मात्र स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलत. "आपण या पाटावरून खाली उतरावं. आपली जेवणाची वेळ अजून झालेली नाही." मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ऑफिसात गेल्यार आपण कशे बोलतंव? माजर म्हणजे सायब. त्येची सही झाल्याशिवाय घरातला एक काम पुढे जाणा नाय." मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे गप्प बसले.

पंधरा दिवसांचा नियम मी चौथ्याच दिवशी मोडला. पिल्लू दाराशी बसून इतकं केविलवाणं ओरडत होतं की मी म्हटलं, पाच मिनिटं अंगणात सोडू. बिटकी पाचव्या सेकंदाला जांभळीवर आणि तिथून कौलांवर गेली. मी खालून हाका मारतेय, ताटली वाजवतेय, शिडी शोधतेय, आणि ती प्रत्येक हाकेसरशी एक एक कौल वर सरकतेय. टीचर आपल्या घरातून वेताची खुर्ची घेऊन आल्या, ती अंगणाच्या मधोमध ठेवली, कौलांकडे पाठ करून बसल्या आणि पेपर उघडून मोठ्याने वाचायला लागल्या. हवामान, निधनवार्ता, नळपाणी योजनेची निविदा. मला दटावून आत बसवलं. निविदेच्या तिसऱ्या अटीपर्यंत पोचल्या असतील नसतील, तेवढ्यात बिटकी खाली उतरली आणि खुर्चीच्या पायाला अंग घासू लागली. टीचरांनी पान उलटलं. "बलावलां की त्येका वाटता, आपल्याशिवाय ह्यांचा अडता," असं त्या नंतर मला म्हणाल्या.

लस टोचायला वेंगुर्ल्याला जायचं ठरलं तेव्हा मी रिक्षा सांगणार होते. टीचर म्हणाल्या, एसटी असताना रिक्षा कशाला. टोपलीवर फडकं बांधून आम्ही चढलो. कंडक्टर आला, तसं टीचरांनी तिकिटं मागितली : "दोन फुल आणि एक माजराचा." तो म्हणाला, "टीचर, माजराक तिकीट नाय." "मगे कोणी मधीच उतरूक सांगलां तर?" "कोण सांगतलो?" "तूच सांगशीत! सातवीत असताना तुझो काय भरवसो होतो?" मागची दोन बाकं हसायला लागली. कंडक्टरने शेवटी वहीतून एक कोरा कागद फाडून त्यावर 'मांजर एक, वेंगुर्ले' असं लिहून सही करून दिलं. टीचरांनी तो कागद फडक्यात खोचला आणि मगच टोपली मांडीवर घेतली.

हे सगळं मी कोल्हापुरात आत्याला फोनवर रंगवून सांगायची. टीचर म्हणजे करमणूक आहे, असं माझं मत होतं. ते एका रविवारी बदललं.

बिटकी तेव्हा सात-आठ महिन्यांची असेल. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांच्या पडवीत कुणीतरी मासे पकडायची गरवण्याची दोरी वाळत टाकली होती आणि गळाला आदल्या दिवशीचं आमिष तसंच होतं. मी कपडे वाळत घालत होते. बिटकी धावत आली ती मान झटकत. तोंडातून लाळ गळतेय आणि ओठाच्या कोपऱ्यातून वीतभर नायलॉनची दोरी लोंबतेय. मला काही सुचलं नाही. मी तिला गुडघ्यांत दाबलं आणि दोरी चिमटीत धरली.

"ओढू नको!"

टीचर नुकत्याच चर्चमधून, मासाची प्रार्थना आटपून आल्या होत्या. रविवारचा निळा झगा, पायात बूट. कुंपणाचं बेडं, म्हणजे फाटक, ढकलून त्या धावत आल्या आणि माझ्या मनगटावर खाडकन चापट मारली. "हात मागे घे. दोरी कापू नको, ओढू नको. आत गळ आसा." त्यांनी बिटकीला टॉवेलात डोक्यापर्यंत गुंडाळलं, मला रिक्षा आणायला पिटाळलं. सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे पोचेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मालवणी नाही, मराठी नाही, काही नाही. निळ्या झग्यावर लाळेचे आणि रक्ताचे डाग पडत होते आणि टीचर दोन्ही हातांनी ते बोचकं धरून समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. गळ घशात रुतला होता. भूल देऊन काढावा लागेल म्हणाले आणि तिला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "टीचर, तुम्ही आला नसता तर मी दोरी ओढलीच असती."

"मी ओढललंय," टीचर म्हणाल्या.

मला नीट कळलं नाही असं वाटून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझा पयला माजर. घोव बोटीवर गेलो तेव्हा माझ्या सोबतीक ठेवन गेल्लो. माका वाटला, दोरो आसा, ओढलो की येतलो." मग त्या म्हणाल्या, "तुका काय वाटता, ह्यां सगळां माका पुस्तकात गावलां? दुधाचा एका पिल्लान शिकयल्यान. पंदरा दिवसांचा एकान शिकयल्यान, तां तिसऱ्या दिवशी गेलां तां परत इलांच नाय. एकेक गोष्ट एकेका माजरान शिकयल्यान गो. मी फकत तुमका सांगतंय."

मी त्यांना विचारलं, मग आता का नाही पाळत? त्या एवढंच म्हणाल्या, "माजर पंदरा वर्सां जगता. मी जगतलंय? माझ्या मागसून त्येका कोण?"

दुपारी डॉक्टरांनी बिटकीला बाहेर आणलं. वाचली होती, पण पंधरा दिवस पातळ अन्न, तेही दिवसातून पाच वेळा. मला ऑफिस होतं. टीचरांनी काही न विचारता टोपली आपल्या घरी नेली. सकाळी मी सोडायची, संध्याकाळी आणायची. पंधरा दिवस संपले, घसा बरा झाला, तरी मी ऑफिसला निघाले की बिटकी कुंपणाखालून सरळ टीचरांकडे जाई आणि त्यांच्या शिवणाच्या मशीनवर झोपे. टीचर मला सांगत, "मी बलावक नाय हां."

तीन वर्षं झाली आणि माझी बदली आली, सांगलीला. भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर. मी दोन दिवस विचार केला आणि टीचरांकडे जाऊन म्हटलं, बिटकी तुमच्याकडेच राहू दे. त्या चिडल्या. वय काढलं, गुडघे काढले, मडगावच्या मुलीला काढलं. मी म्हटलं, "तुमच्या मागे मी आहे. तुम्हाला काही झालं तर मी येऊन घेऊन जाईन."

"लिवन दी," टीचर म्हणाल्या.

मी खरोखरच लिहून दिलं. खाली सही करणारी मी असं लिहून देते की टीचरांना काही झाल्यास, अथवा मांजराचा कंटाळा आल्यास, मी स्वतः येऊन बिटकीला नेईन. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, लाल पेनाने माझी एक वेलांटी सुधारली, आणि 'कंटाळा आल्यास' वर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यां खोड. ह्यां जावचा नाय." मी खोडलं. त्यांनी कागदाची घडी घालून बायबलात ठेवली.

गेल्या मे महिन्यात जाऊन आले. बिटकी चांगली गुबगुबीत झालीय. तिने माझी पिशवी हुंगली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघून गेली. टीचर थकल्यात. भिंतीला हात लावत चालतात, बोलता बोलता मध्येच थांबतात. आम्ही पायरीवर बसलो होतो. त्या मांडीवर ताटली घेऊन माशातले काटे काढत होत्या. मी मदत करू म्हटल्यावर त्यांनी ताटली बाजूला ओढली. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "तुझो पत्तो तोच आसा मा गो?"

"तोच आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पुढचा काटा शोधायला लागल्या.